सेशेल्सचा वटवट्या: २६ पक्ष्यांवरून तीन हजारांपर्यंत, आणि दोन शंका

पाणवठा (धागाकर्ता)

मंडळी,

पक्षी वाचवल्याच्या हकिकती आपण येथे नेहमी वाचतो, पण त्या बहुधा गिधाडे, सारस, माळढोक अशा मोठ्या पक्ष्यांच्या असतात. पानांच्या खालच्या बाजूचे किडे टिपून जगणाऱ्या, सुमारे पंधरा ग्रॅम वजनाच्या आणि मातकट हिरवट रंगाच्या एका पक्ष्याविषयी येथे कोणी लिहिलेले मला आढळले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पक्षी आहे सेशेल्सचा वटवट्या. हिवाळ्यात आपल्याकडच्या झुडपांतून ‘चक्, चक्’ करीत फिरणारा ब्लिथचा बोरू वटवट्या आणि हा, या दोघांचीही शास्त्रीय नावे अ‍ॅक्रोसेफॅलस या शब्दाने सुरू होतात, इतके त्यांचे जवळचे नाते आहे. हिंदी महासागरात सेशेल्स द्वीपसमूहातील कुझँ हे बेट जेमतेम २९ हेक्टरांचे. १९६८ साली या बेटावर या पक्ष्याचे २६ जीव उरले होते आणि बाकी जगात एकही नव्हता. पूर्वी तो मारियान बेटावरही होता, तेथून तो आधीच नाहीसा झालेला होता. कुझँवर त्याची कोणी शिकार करीत नव्हते की त्याला पिंजऱ्यात घालत नव्हते. खोबऱ्याच्या व्यापारासाठी बेटावरचे मूळ जंगल तोडून सर्वत्र माड लावले गेले, आणि माडाच्या झावळीवर या पक्ष्याचे पोट भरत नाही, एवढेच कारण होते.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलने, हे बेट विकत घेतले. त्यानंतरच्या कामात कृत्रिम प्रजनन नव्हते, खाऊ घालणे नव्हते. माड हटवले, पडलेल्या नारळांतून उगवणारी रोपे काढत राहिले आणि पिसोनिया, वड-पिंपळांच्या वर्गातली झाडे, आपल्या कोकणातली बारतोंडी म्हणतात ती, या सर्वांना वाढू दिले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बेटावर तीनशेच्या वर पक्षी झाले आणि संख्या तेथे स्थिरावली, कारण बेट भरले होते. पुढे १९८८ मध्ये आरीद, १९९० मध्ये कुझीन, २००४ मध्ये डेनिस आणि २०११ मध्ये फ्रेगात या बेटांवर काही पक्षी नेऊन सोडले. एकूण संख्या तीन हजारांच्या घरात गेली आणि २०१५ मध्ये या पक्ष्याला ‘संकटसमीप’ या सौम्य वर्गात घालण्यात आले.

माझे मत असे आहे की या पक्ष्याला झाडांनी वाचवले. माणसाने केवळ झाडांची वाट मोकळी केली. तरीही दोन शंका मनात आहेत. पहिली अशी की, इतक्या थोड्या पक्ष्यांतून काहींना पकडून दुसऱ्या बेटावर नेणे योग्य होते का? दुसरी अशी की, आजचे सर्व पक्षी जर त्या मूठभर पूर्वजांचीच प्रजा असतील, तर त्यांच्या भवितव्याची खात्री आपण कशी बाळगावी?

चिंतामणी_मिरज

धागा आवडला. पहिल्या शंकेबाबत मी आपल्याही पुढे जाऊन म्हणेन की पक्षी नेऊन सोडणे मला मुळातच पटत नाही. ज्याला पंख आहेत तो जागा कमी पडली की स्वतःच दुसरे बेट शोधील. आपण घाई का करावी? जंगल परत आणणे हे आपले कर्तव्य होते आणि ते झाले. त्यापुढची ढवळाढवळ मला अनावश्यक वाटते.

रानपिंगळा

चिंतामणीकाका, आपला तर्क कोणालाही पटेल असा आहे, पण या पक्ष्याच्या बाबतीत तो लागू पडत नाही. कुझीन हे बेट कुझँपासून अवघ्या १.६ किलोमीटरवर आहे. एका बेटावरून दुसरे स्वच्छ दिसते. तरीही कुझँ गच्च भरलेले असताना, आपली हद्द नसलेले कितीतरी पक्षी तेथे ताटकळत असताना, पक्षी आपण होऊन तिकडे वसायला गेले नाहीत. बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्यांची वेगवेगळी जुळणी असते, त्यामुळे कोण कोठे आहे हे अभ्यासकांना नावानिशी कळते. बेट सोडून गेलेले पक्षी हजारात एखादाच असे प्रमाण निघाले. पंखांची मापे आणि वजन तपासले तेव्हा असे दिसले की उडण्याची ताकद त्यांच्यात आहे, समुद्र ओलांडण्याची प्रवृत्ती मात्र नाही. पाणवठा यांनी उल्लेखलेला बोरू वटवट्या मध्य आशियातून आपल्याकडे येतो आणि त्याचा हा भाऊबंद दीड किलोमीटरची खाडी ओलांडत नाही.

म्हणून वाट पाहण्याचा अर्थ असा झाला असता की संपूर्ण जात एकाच २९ हेक्टरांच्या जागेवर राहिली असती. एखादे वादळ, एखादा रोग किंवा बोटीतून उतरलेले गाभण उंदीर, यांपैकी काहीही तिला पुरले असते.

अनुराधा_ठाणे

पहिल्या शंकेचे उत्तर १९८८च्या प्रयोगातच आहे आणि ते मला फार विलक्षण वाटते. डच पक्षीशास्त्रज्ञ यान कोमदूर यांनी कुझँवरून २९ पक्षी आरीदला नेले. ते सर्व जगले आणि काही दिवसांतच त्यांनी घरटी बांधायला घेतली. इकडे कुझँवर रिकाम्या झालेल्या हद्दी काही तासांत भरल्या, कारण त्या हद्दींची वाट पाहणारे पक्षी शेजारीच होते. म्हणजे ज्यांना नेले त्यांच्यामुळे मूळ बेटाचे नुकसान झाले नाही, उलट वर्षानुवर्षे खोळंबलेल्यांना संसार थाटता आला.

यामागची समाजरचना समजून घेतली पाहिजे. या पक्ष्यांची पिल्ले, त्यातही माद्या, मोठी झाल्यावर बऱ्याचदा आईबापांच्या हद्दीतच राहतात आणि पुढच्या भावंडांना भरवतात. कुझँवर मादी बहुधा एकच अंडे घालते आणि घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लाला तीनएक महिने भरवावे लागते. त्यामुळे मदतनिसाचे मोल मोठे असते. प्रश्न असा होता की ही पिल्ले आवडीने थांबतात की जागा नाही म्हणून? आरीदवर सुरुवातीला भरपूर किडे असलेल्या मोकळ्या जागा होत्या. तेथे कोणीही मदतनीस म्हणून थांबले नाही; प्रत्येकाने आपली स्वतंत्र हद्द धरली आणि अन्न मुबलक असल्याने वीण वर्षभर चालू राहिली. चांगल्या जागा भरल्या तेव्हाच मुले आईबापांकडे राहू लागली. हे ज्ञान पक्षी हलवल्यामुळेच मिळाले.

चिंतामणी_मिरज

रानपिंगळा आणि अनुराधाताई, दोघांचेही आभार. १.६ किलोमीटरची गोष्ट मला ठाऊक नव्हती आणि तिने माझ्या आक्षेपाचा पायाच काढून घेतला आहे. माझा मुद्दा आता एवढाच उरतो की हलवण्याआधी त्या दुसऱ्या बेटाची पात्रता तपासली गेली पाहिजे. ती कशी तपासली?

रानपिंगळा

दोन गोष्टी पाहिल्या जातात, अन्न आणि शत्रू. अन्न मोजण्याची त्यांची रीत मला अतिशय आवडते. ठरलेल्या ठिकाणी प्रत्येक प्रमुख झाडाची पन्नास पाने घ्यायची, ती फांदीवरून न तोडता हलकेच उलटी करायची आणि खालच्या बाजूला किती किडे आहेत ते मोजायचे. त्या हद्दीत कोणत्या झाडाची किती दाटी आहे हे त्याच्याशी जोडले की त्या हद्दीची प्रत ठरते. हा पक्षी जवळपास सगळे अन्न पानाच्या खालच्या बाजूनेच टिपत असल्यामुळे ही मोजणी थेट त्याच्या ताटाची मोजणी असते. कुझँच्या किनाऱ्यालगत वाऱ्याबरोबर उडणारे खारे तुषार पिसोनियाची पाने करपवतात, तेथे किडे कमी आणि म्हणून हद्दीही हलक्या प्रतीच्या. बेटाच्या आतल्या, आडोशाच्या हद्दी उत्तम.

शत्रूंचे म्हणाल तर कुझँवर उंदीर आणि मांजरे नाहीत. डेनिसवर ती होती. पक्षी नेण्यापूर्वी त्यांचे निर्मूलन करण्यात आले. फ्रेगातवर १९९५ मध्ये उंदीर शिरले होते, ते २००० मध्ये संपवले आणि मग २०११ मध्ये वटवटे गेले.

माधव_फोंडा

मी कुझँ बेट पाहिलेले आहे, म्हणून थोडे लिहितो. शेजारच्या प्रालँ बेटावरून आमची बोट निघाली, परंतु ती किनाऱ्याला लागू देत नाहीत. समुद्रातच आम्हाला राखीव क्षेत्राच्या स्वतःच्या बोटीत घेतले गेले, जेणेकरून बाहेरच्या बोटीतून उंदीर किंवा परके बी-बियाणे येऊ नये. त्या वेळी ही कटकट वाटली होती. रानपिंगळा यांनी वर उंदरांविषयी लिहिले आहे ते वाचून तिचे मोल पटते.

वटवट्या शोधावा लागला नाही. वाटेच्या कडेला, हात लांब केला तर पोहोचेल इतक्या अंतरावर एक जोडी पिसोनियात शिरली. पक्षी फांदीवर आडवा होई, मान पूर्ण वर वळवून डोक्यावरच्या पानाची खालची बाजू न्याहाळी आणि चोचीचा बारीक टकटक आवाज करीत काहीतरी उचले. एक पान झाले की लगेच पुढचे. प्रौढ पक्ष्याचा डोळा तांबडा असतो, पिल्लाचा करडा, हे आमच्या मार्गदर्शकाने दाखवले आणि दोन्ही एकाच झाडावर पाहायला मिळाले. रंगाने अगदी साधा पक्षी आहे, पण गळा मोठा आहे.

त्याच जंगलात पांढरे सुरय घरटे न बांधता उघड्या फांदीच्या खोबणीत एकच अंडे घालतात. पायाखाली सापसुरळ्यांची सळसळ सतत चालू असते. पिसोनियाच्या बिया मात्र भयंकर चिकट असतात. त्या अंगाला चिकटून जायबंदी झालेला एक समुद्रपक्षी आम्ही पाहिला. डास पुष्कळ आहेत, जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

शिल्पा_न

एक प्रश्न मनापासून विचारते. बेट विकत घेणे, माड काढणे, पुढची पन्नास वर्षे संशोधक ठेवणे, एवढे सगळे एका वटवट्यासाठी? माडांवर ज्यांचे पोट होते त्यांचे काय झाले असेल? आपल्या कोकणात कोणी असे सुचवले तर लोक ऐकून तरी घेतील का?

अनुराधा_ठाणे

शिल्पाताई, प्रश्न रास्त आहे. बेट बळकावलेले नव्हते, मोल देऊन घेतलेले होते, हे आधी नोंदवते. आज कुझँचा कारभार नेचर सेशेल्स ही तेथलीच संस्था पाहते, राखणदार आणि मार्गदर्शक स्थानिक आहेत आणि माधवरावांसारख्या पाहुण्यांच्या शुल्कातून खर्चाचा मोठा भाग निघतो. दुसरे असे की, वटवट्यासाठी झाडे वाढवली तेव्हा त्यांवर सुरय आणि नॉडी या समुद्रपक्ष्यांच्या प्रचंड वसाहती झाल्या. तेथल्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या हॉक्सबिल कासवांना संरक्षण मिळाले. सेशेल्सचा दयाळ एके काळी केवळ फ्रेगातवर उरला होता, त्यालाही १९९४ मध्ये कुझँवर आणता आले. आरीद बेट १९७३ मध्ये ख्रिस्तोफर कॅडबरी यांनी घेऊन निसर्गासाठी राखले, म्हणूनच १९८८ मध्ये वटवट्यांना जायला जागा होती.

मॉरिशसकर

नमस्कार. मी मॉरिशसचा, आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून येथे आले. पाणवठा यांचे म्हणणे, की झाडांनी पक्षी वाचवला, हे वाचून मला आनंद झाला आणि थोडे दुःखही झाले, कारण आमच्याकडे झाडांची वाट एवढी सहज मोकळी होत नाही.

आमच्याकडचा हिरवट चष्मेवाला हा असाच बोटभर पक्षी, किडे आणि फुलांतला मध यांवर जगणारा, केवळ मॉरिशसमध्ये सापडणारा आणि अत्यंत संकटात असलेला. चांगल्या स्थितीतले मूळ जंगल येथे दोन टक्क्यांहूनही कमी राहिले आहे. त्यातही बाहेरून आलेल्या चिनी पेरूची इतकी दाट झुंबड आहे की मूळ झाडांची रोपे वर येऊ शकत नाहीत, आणि उंदीर व माकडे घरटी लुटतात. एवढ्या मोठ्या बेटावरून उंदीर काढणे शक्य नाही. म्हणून मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने पिल्ले हाताने वाढवून, २००६ पासून, २६ हेक्टरांच्या इल-ओ-एग्रेत या छोट्या बेटावर सोडली. तेथे उंदीर नाहीत, पण जंगल अजून घडते आहे. त्यामुळे पक्ष्यांना वरून अन्न पुरवावे लागते.

कुझँवर अन्न द्यावे लागले नाही याचे महत्त्व आम्हाला विशेष कळते. तेथे मूळ झाडांचे बी शिल्लक होते आणि उंदीर कधी पोहोचलेच नव्हते. या दोन गोष्टी नसत्या तर माड काढूनही पुरेसे झाले नसते, असे मला वाटते.

सई_वाचते

थोडे विषयांतर करते, पण याच पक्ष्याविषयी आहे. १९९७ मध्ये कोमदूर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष कोणीच कसे आणले नाहीत? किडे कमी असलेल्या हद्दीतील जोड्यांच्या पिल्लांत ७७ टक्के नर निघाले आणि किडे मुबलक असलेल्या, मदतनीस नसलेल्या हद्दींत नर फक्त १३ टक्के. नर बहुधा दूर निघून जातात; माद्या घरी थांबून मदत करतात. श्रीमंत हद्दीत एखादी मुलगी थांबली तर फायदा होतो, गरीब हद्दीत मात्र तीही तेच मोजके किडे खाते. म्हणजे मादी आपल्या परिस्थितीला सोयीचे अपत्य जन्माला घालते.

देवराई_राखण

सईताई, आकडे बरोबर असतील, पण ‘सोयीचे अपत्य’ घालते असे म्हणताना जपावे असे वाटते. कदाचित अशक्त माद्यांना नर होतात आणि अशाच माद्यांच्या वाट्याला हलक्या हद्दी येतात, असेही असू शकते. मग कारण हद्द नसून मादीची प्रकृती ठरेल.

सई_वाचते

हीच शंका त्यांनाही आली होती, आणि तिचे उत्तर पुन्हा बेटांवर पक्षी हलवण्यातून मिळाले. गरीब हद्दीत जवळजवळ फक्त नर वाढवणाऱ्या जोड्या दुसऱ्या बेटावरच्या समृद्ध हद्दींत नेल्या, तेव्हा त्याच जोड्यांना बहुतांशी माद्या होऊ लागल्या. समृद्ध हद्दीतून समृद्ध हद्दीत नेलेल्या जोड्यांत फरक पडला नाही. जोडी तीच, जागा बदलली आणि प्रमाण उलटले. शिवाय समृद्ध हद्दीतही दोन मदतनीस आधीच असतील तर पुन्हा नरांकडे कल जातो, कारण तिसरे माणूस घरात जास्तच होते. हे शरीरात नेमके कसे घडते तो वेगळा प्रश्न आहे. ‘ठरवते’ हा शब्द मी वापरणार नाही, एवढे आपले मान्य.

देवराई_राखण

मान्य आहे, जोड्या हलवण्याचा पुरावा ठोस आहे.

हलवण्यावरून आणखी एक भर घालतो. कुझँवर सुगरणीच्या वर्गातला फोडी हा पक्षी वटवट्याची अंडी फोडून खातो. अंडी मादी एकटी उबवते. ती चरायला उठली की नर घरट्याजवळ पहाऱ्याला बसतो, आणि हा पहारा उठवला तर अंडी जाण्याचे प्रमाण खूप वाढते. आरीदवर त्या काळी फोडी नव्हता, तर तेथे नेलेल्या नरांनी पहारा देणे सोडून तो वेळ चरण्यात घालवला. एवढासा पक्षी नव्या जागेशी किती लवकर जुळवून घेतो हे पाहून चिंतामणीकाकांच्या मनातली उरलीसुरली शंकाही फिटावी.

चिंतामणी_मिरज

फिटली. पण पाणवठा यांच्या दुसऱ्या शंकेला कोणी हात घातलेला नाही, तिचे काय?

रानपिंगळा

त्याआधी एक जोडपक्षी आठवतो, तो नोंदवल्यावाचून हा धागा अपुरा वाटेल. सेशेल्समधल्याच अल्डाब्रा या प्रवाळबेटावर १९६७ च्या अखेरीस एक झुडपी वटवट्या विज्ञानाला प्रथमच सापडला. किनाऱ्यालगतच्या अरुंद पट्ट्यात, मोजकेच पक्षी. तेथे उंदीर होते. १९८३ नंतर तो कोणालाही दिसला नाही आणि आज तो नामशेष धरला जातो. त्याच देशात, त्याच सुमारास, एका वटवट्याला बेट मिळाले आणि दुसऱ्याचा शोध लागून सोळा वर्षे होईतो तो गेला. १९६८ मध्ये कुझँ घेण्यास आणखी काही वर्षे लावली असती तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. ‘आधी अभ्यास पुरा होऊ द्या’ असे आपण आपल्याकडेही किती वेळा ऐकतो!

जनुकवाचक

दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. पाणवठा, आपली भीती निराधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून संग्रहालयांत जपलेल्या या पक्ष्यांच्या नमुन्यांतून जनुकीय द्रव्य काढून आजच्या पक्ष्यांशी ताडून पाहिले गेले आहे. एके काळी प्रजननाच्या दृष्टीने परिणामकारक संख्या हजारांत होती, ती विसाव्या शतकात पन्नासच्याही खाली गेली आणि सुमारे पाव हिस्सा जनुकीय विविधता कायमची गमावली गेली. जंगल परत आले तरी ही विविधता परत येणार नाही. पक्ष्यांच्या संख्येचा आलेख पाहून आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण हा तोटा त्या आलेखात दिसत नाही.

पक्षी स्वतः यावर काही प्रमाणात मार्ग काढताना दिसतात. जोडी वर्षानुवर्षे टिकते, तरी सुमारे चाळीस टक्के पिल्लांचा बाप शेजारच्या हद्दीतला निघतो. आणि जोडीदाराची रोगप्रतिकारक जनुके फारशी विविध नसतील तेव्हा मादी बाहेरचा, अधिक विविध जनुकांचा नर गाठते असे आढळले आहे. नात्यातल्या जोड्यांची पिल्ले अधिक संख्येने दगावतात, त्यामुळे हे वागणे केवळ चंचलपणा नाही.

आता पक्षी हलवण्याशी याचा संबंध. आरीद आणि कुझीन येथे प्रत्येकी २९ पक्षी नेले होते. तेथल्या संततीत कुझँच्या मानाने काही जनुकरूपे कमी झाली आहेत, आणि ती प्रजा मूळ प्रजेपासून थोडी वेगळीही पडली आहे. डेनिसवर ५८ आणि फ्रेगातवर ५९ नेले, तेथे ही गळती फारशी झाली नाही. पुढे आणखी एखाद्या बेटाची निवड झाली तर साठाच्या आसपास पक्षी न्यावेत, आणि शक्य असेल तर ते एकाच बेटावरून न घेता वेगवेगळ्या बेटांवरून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्षी समुद्र ओलांडत नसल्यामुळे बेटाबेटांतली ही देवाणघेवाण आपोआप होणार नाही.

पाणवठा (धागाकर्ता)

जनुकवाचक, मनःपूर्वक आभार. ‘झाडांनी वाचवले’ हे मत मी सोडत नाही, पण मॉरिशसकरांची उंदरांविषयीची अट आणि आपली साठ पक्ष्यांची अट मी त्याला जोडून घेतो. डेनिस आणि फ्रेगात ही बेटे कुझँपेक्षा कितीतरी मोठी आहेत, अनुक्रमे सुमारे १४३ आणि २१९ हेक्टरांची, आणि दोन्हींवर माडांच्या जागी मूळ झाडे वाढवण्याचे काम झालेले आहे. तेथील जंगल जसजसे दाट होईल तसतशी पक्ष्यांना जागा वाढत जाईल. या दोन बेटांवरील झाडांच्या लागवडीविषयी कोणी वाचले असेल तर येथे जरूर लिहावे. मला मुख्यतः एवढे जाणून घ्यायचे आहे की पिसोनिया तेथे लावावा लागतो की कुझँप्रमाणे आपोआप पसरतो.

माधव_फोंडा

पाणवठा, कुझँवर मार्गदर्शकाने पिसोनियाची एक मोडून पडलेली फांदी दाखवली होती, तिला जमिनीवर पडल्या जागीच पालवी फुटलेली होती. लाकूड अतिशय ठिसूळ असल्याने वाऱ्यात फांद्या मोडतात आणि त्यांपासून नवी झाडे उभी राहतात. बिया समुद्रपक्ष्यांच्या पिसांना चिकटून बेटाबेटांवर जातात. डेनिस आणि फ्रेगात मी पाहिलेली नाहीत, तेव्हा तेथले जाणकारांनी सांगावे.